मेलेल्या माशांची दीडपट वजावट

१७ फेब्रुवारी २००८, रविवार, सेंगकांग

बँकेचा राजीनामा देऊन आज नऊ दिवस झाले. चौदा वर्षांच्या नोकरीनंतर माझ्या वरच्या खुर्चीत माझ्याहून अकरा वर्षांनी लहान माणूस आणून बसवला, तेव्हा दुपारच्या चहाआधीच मी पत्र लिहून दिलं. साहेबांनी मला थांबवलं नाही. अपराधी वाटलं की माणूस असा गप्प होतो.

परवाच्या बजेटमध्ये मला पुढची वाट दिसली. कंपनीनं संशोधनावर शंभर डॉलर खर्च केले, तर कर मोजताना उत्पन्नातून दीडशे वजा धरणार. इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांच्या आणि औषधवाल्यांच्या दारात मोठे सल्लागार आधीच उभे असतील. शेतीकडे मात्र कोणी फिरकणार नाही. सिंगापुरात शेती आहे हेच निम्म्या लोकांना ठाऊक नाही. मलाही गुरुवारपर्यंत नव्हतं.

नाव ठरलं : 'पाटणकर ॲग्रो इनोव्हेशन ॲडव्हायझरी'. शुभदा म्हणाली, पाटीवर मावणार नाही. मी म्हटलं, पाटी मोठी करू. मग तिनं विचारलं की तुम्हाला शेतीतलं काय कळतं. मी सांगितलं, शेती शेतकऱ्याला कळली की झालं, मला कायदा कळतो. त्यावर तिनं पुढे काही विचारलं नाही. पटलं असावं.

आर्या मात्र तोंडावर बोलते. "बाबा, यू ऑल्सो किल्ड अवर मनी प्लांट, लाह." चौदाव्या वर्षी मुलांना विषयाचं गांभीर्य नसतं.

११ मार्च

आजवर अकरा फार्म झाले. भाजीवाल्याला मी विमा विकायला आलोय असं वाटलं. लावे पाळणाऱ्यानं डझनभर अंडी दिली, काम दिलं नाही.

बाराव्या ठिकाणी यश आलं. जालान कायूच्या पलीकडे, घरापासून बसनं वीस मिनिटांवर, चुआ नावाच्या गृहस्थाचा माशांचा फार्म आहे. मासे खायचे नव्हेत, शोभेचे. सिमेंटच्या शे-दीडशे टाक्या आणि त्यांत अर्ध्या बोटाएवढे गप्पी मासे. शेपट्या मात्र पैठणीच्या पदरासारख्या. ते प्लॅस्टिकच्या पिशव्यांत पाणी आणि ऑक्सिजन भरून विमानानं जर्मनीला, हॉलंडला जातात. कायद्याच्या दृष्टीनं ही शेतीच.

चुआ पासष्टीचा, हसरा, पायात रबरी बूट. मी संशोधनाचं विचारलं तर म्हणाला, "रिसर्च? वेअर गॉट रिसर्च? वी ओन्ली फीड फिश." हे लोक किती साधे असतात. मी त्याला धीर दिला की संशोधन नसलं तरी आपण उभं करू.

त्याची खरी काळजी निराळीच आहे. जमीन सरकारची, भाडेपट्टा २०१० च्या मार्चमध्ये संपतो. मुदतवाढ हवी तर फार्म आधुनिक आहे, नवं काही करतो, हे दाखवावं लागेल. नाहीतर चाळीस वर्षांचं सगळं गुंडाळायचं. मी म्हटलं, एका दगडात दोन पक्षी मारू.

२६ एप्रिल

आज फार्म नीट पाहिला. चुआची धाकटी बहीण सिऊ लान तिथंच काम करते. साठीची, लग्न केलेलं नाही, शिक्षण सहावीपर्यंत. बोलत नाहीच म्हटलं तरी चालेल. पॅकिंग तिच्याकडे.

पॅकिंगच्या मागं एक अंधारी खोली आहे. आत फळ्यांवर तीसेक पिशव्या टांगलेल्या, प्रत्येकीवर चिठ्ठी. ती दोन-दोन दिवस त्या तशाच बंद ठेवते. मग उघडते, मेलेले मासे मोजते, शाळेच्या वहीत काहीतरी लिहिते आणि मासे कागदात गुंडाळून फेकते. आज एका पिशवीतले वीसपैकी सतरा मेले होते. मी नाकाला रुमाल लावला. तिनं मान हलवून ते सतरा लिहिले आणि दुसरी पिशवी घेतली. प्रत्येक घरात असं एखादं माणूस असतं, त्याला काही ना काही उद्योग लागतो.

मी माझी योजना मांडली. तैवानमध्ये पाणी शुद्ध करणारं संगणकी यंत्र मिळतं. ते भाड्यानं घ्यायचं, बसवणारे तंत्रज्ञ आणायचे, दारावर 'संशोधन केंद्र' अशी पाटी लावायची. भाडं जबर आहे, पण वजावट दीडपट. चुआनं रात्रभर विचार करतो म्हणून सांगितलं आणि दोन तासांत फोन करून होकार दिला. बहिणीला विचारलं का, असं मी विचारलं नाही. त्यानंही काही सांगितलं नाही.

१४ जून

यंत्र सुरू झालं. निळ्या पडद्यावर आकडे पळतात, काचेसारखं पाणी येतं. उत्पादकानं लेखी हमी दिली आहे. सिऊ लाननं बोट बुडवून ते पाणी चाखलं आणि म्हणाली, "टू क्लीन." इतकी मोठी पावती मला बँकेत चौदा वर्षांत मिळाली नव्हती.

शुभदाही आली होती. तिच्या बालवाडीची सहल इथं आणता येईल का ते पाहायला. ती तास-दीड तास त्या सिऊ लानजवळ बसून राहिली. येताना बसमध्ये तिचं माशांचं पुराण चालू होतं. सत्त्याण्णव साली म्हणे फ्रँकफर्टला गेलेला सगळा माल पिशव्यांत मेला, फार्म बुडायची वेळ आली, तेव्हापासून ही बाई एकेक गोष्ट बदलून पाहते. एक दिवस उपाशी ठेवून, पाणी गार करून, चिमूटभर मीठ घालून, मासे कमी भरून. अकरा वर्षं. मी अर्धवट ऐकलं. मांडीवर करखात्याचा मसुदा होता आणि 'अभिनव' हा शब्द एका परिच्छेदात चार वेळा बसवायचा होता. तिला म्हटलं, माझं वाक्य तुटतंय. मग ती खिडकीबाहेर बघत बसली.

२ जुलै

अर्जाला वजन यावं म्हणून एखादा डॉक्टरेटवाला हवा होता. शुभदाच्या बालवाडीतल्या एका मुलाची आई, डॉ. भावना, पुंगोलला राहते आणि एका पॉलिटेक्निकच्या प्रयोगशाळेत माशांच्या रोगांवर काम करते. मूळची अकोल्याची. आपली मराठी बाई निघाली म्हणून बरं वाटलं. मी आडनाव विचारलं, तिनं वाघमारे सांगितलं. थोड्या वेळानं बोलण्याच्या ओघात मी सहज पुन्हा विचारलं, तर म्हणाली, "मघाशीही वाघमारेच होतं, पाटणकर." विनोदी आहे. गणपतीत मंडळात कधी दिसली नाही असं मी म्हटलं, त्यावर ती नुसती हसली.

तिला आज फार्मवर नेलं. यंत्रापुढं ती दोन मिनिटं उभी राहिली. मग त्या मागच्या खोलीत जाऊन उपड्या क्रेटवर बसली आणि सिऊ लानच्या वह्या वाचायला लागली. तीन तास! वह्यांत आकडे आणि मध्ये मध्ये चिनी अक्षरं. एक बोट ठेवून दाखवतेय, दुसरी मान डोलावतेय. मी दारात दोनदा खाकरलो.

निघताना म्हणाली, "पाटणकर, संशोधन त्या खोलीत चाललंय. तिथलं मांडा. यंत्रावर मी सही करणार नाही." आणि असंही की गप्पींना इतकं मऊ, क्षार काढलेलं पाणी मानवत नाही, जरा बेतानं घ्या. शास्त्रज्ञ मंडळींना दुसऱ्याच्या कामात खोट काढल्याशिवाय चैन पडत नाही. खोलीचं ती त्या गरीब बाईला बरं वाटावं म्हणून म्हणाली असणार. मनानं चांगली आहे. सही नसली तरी अडत नाही.

९ जुलै

भाडेपट्ट्याच्या खात्याला पाठवायला फोटो काढायचे होते. त्यात मेलेले मासे दिसणं बरं नव्हे. मी सिऊ लानला समजावलं की मरण ही दाखवायची गोष्ट नाही. यशस्वी धंद्यात असलं काही नसतं. हे नॉट नाइस. आज अठ्ठावीस पिशव्या टांगलेल्या होत्या. तिनं विचारलं, "नाऊ?" मी म्हटलं, आत्ताच. तिनं एकेक पिशवी उतरवून टाकीत सोडली. मग खोली लिंबाच्या वासाच्या फिनेलनं धुतली. चुआला मी आनंदात सांगितलं की तुझ्या बहिणीचं रोजचं अर्ध्या दिवसाचं काम वाचवलं.

ती वह्या उचलून घेऊन गेली. समजूतदार बाई.

२१ सप्टेंबर

अमेरिकेतल्या बँका कोसळल्या आणि इथल्या बँकेतही माणसं काढताहेत. माझ्या वरच्या खुर्चीत बसवलेला तो मुलगाही गेला. जुन्या सहकाऱ्यांचे फोन येतात, मी वेळेवर बाहेर पडलो म्हणून. मी नम्रपणे सांगतो की याला दृष्टी लागते. शुभदा बालवाडीत जादा पाळी करते. तिला मुलांची आवड आहेच.

३ ऑक्टोबर

फ्रँकफर्टला गेलेला माल मेला. चार हजारांपैकी तीन हजार सहाशे. चुआचा आवाज फोनवर ओळखू येईना. विमान पाच तास उशिरा पोहोचलं एवढंच ठोस कारण सापडलं. मी म्हटलं, निष्काळजीपणा त्यांचा. सिऊ लान म्हणते पाण्यामुळे. तिनं २००१ सालची वही काढून कसलंसं पान भावापुढे धरलं म्हणे. पण २००१ साली हे यंत्र होतंच कुठे?

तरी चुआनं निर्यातीच्या टाक्या जुन्या पाण्यावर परत नेल्या आहेत. म्हणजे एवढ्या भाड्याच्या यंत्राचं पाणी आता बूट धुवायला वापरतात. भाड्याचा करार दोन वर्षांचा आहे. मी त्याला सांगितलं की वजावट मिळाली की सगळं भरून निघेल.

२४ मार्च २००९

२००८ च्या हिशेबाचा दावा आज दाखल केला. छप्पन्न पानं, रंगीत आलेख, 'अभिनव' एकोणीस वेळा. ऑक्टोबरचा उल्लेख कुठेही येऊ दिला नाही. असं निर्दोष काम मी आयुष्यात केलं नव्हतं.

१९ ऑगस्ट

करखात्याच्या अधिकारी बाई आज फार्मवर आल्या. मिस टॅन, तिशीच्या आतल्या, पाठीला पिशवी, हातात साधी वही. शोभेला डॉक्टर असावी म्हणून मी भावनाला पुन्हा बोलावलं होतं. अर्धा दिवस रजा टाकून ती आली, त्याचं मला आश्चर्यच वाटलं.

यंत्र पाहून मिस टॅननं एकच प्रश्न विचारला. हे बसवण्याआधी तुम्हाला काय माहीत नव्हतं?

असल्या प्रश्नाची माझी तयारी होती. मी म्हटलं, माहीत नसण्यासारखं काही नव्हतंच. उत्पादकाची लेखी हमी होती. जोखीम शून्य. तिनं परत विचारलं, म्हणजे हे चालेल की नाही अशी शंका कधीच नव्हती? मी म्हटलं, क्षणभरही नव्हती. हमीपत्राची तिनं प्रत मागितली, मी दोन दिल्या. ती बराच वेळ लिहीत होती. चुआकडे बघून मी डोळ्यांनीच सांगितलं की जिंकलो.

ती निघणार, तेवढ्यात भावना म्हणाली, "अजून एक खोली बघायची राहिलीय."

खोली स्वच्छ होती, रिकामी, अजूनही लिंबाचा वास. मी काही म्हणायच्या आत सिऊ लाननं बाहेरून, तांदळाच्या डब्यामागून वह्या आणल्या. अकरा वर्षांच्या, बावीस. मिस टॅननं मधलीच एक उघडली. बोटानं रकाने वाचत गेली. पाणी किती, मीठ किती, किती तास, मेले किती. एका पानावर थांबून तिनं विचारलं, हे सगळे का मेले?

सिऊ लान म्हणाली, "डोन्ट नो. सो मस्ट डू अगेन."

मिस टॅन उपड्या क्रेटवर बसली. पाठीवरची पिशवी काढून खाली ठेवली आणि पहिल्या वहीपासून सुरुवात केली. बाहेर चहा निवला. शेवटच्या वहीचं शेवटचं पान ९ जुलै २००८ चं होतं. अठ्ठावीस पिशव्यांची यादी आणि पुढचे सगळे रकाने कोरे. तिनं विचारलं, हे का थांबलं?

सिऊ लाननं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. खरं कारण नीट सांगता यावं म्हणून शब्द आठवावेत, तसं.

"कन्सल्टंट से, नॉट नाइस."



२० ऑगस्ट

सकाळी चुआचा फोन आला. मला वाटलं ओरडेल. तो सावकाश बोलला. म्हणाला, "मिस्टर पाटणकर, वन अँड हाफ इयर, यू नेव्हर आस्क माय सिस्टर वन क्वेश्चन." मग म्हणाला की मीही विचारला नाही. आणि फोन ठेवला.

शुभदाला म्हटलं, तुला त्या वह्यांचं माहीत होतं तर मला बोलली का नाहीस. ती डबा भरत होती. म्हणाली, "बसमध्ये सगळं सांगितलं होतं. तुमचं वाक्य तुटत होतं."

ती कामावर गेल्यावर मागं जाऊन १४ जूनचं पान काढलं. फ्रँकफर्ट, उपास, मीठ, अकरा वर्षं. सगळं आहे. माझ्याच अक्षरात.

७ सप्टेंबर

भावना आणि मी चुआच्या जेवणाच्या टेबलावर नवा दावा मांडतोय. म्हणजे ती आणि सिऊ लान मांडताहेत, मी उतरवून घेतो. एका वाक्यात 'अभिनव' लिहिलं, तर भावनानं खोडलं. त्या जागी काय लिहू विचारलं. म्हणाली, काय केलं ते लिहा.

जेवताना मी तिला म्हटलं, पुढच्या वर्षी गणपतीत मंडळात या, मी ओळखी करून देतो. ती म्हणाली, ती आणि तिचा नवरा अकरा वर्षं इथं आहेत, मंडळातली निम्मी माणसं त्यांना ओळखतात. आडनाव विचारून झाल्यापासून. मग तिनं पान उलटलं आणि मिठाचा आकडा पुन्हा सांगायला लावला. मला काहीतरी म्हणायचं होतं. ते काय, हे बसमध्ये बसेपर्यंत उमगलं नाही.

१८ नोव्हेंबर

दोन पत्रं आली.

करखात्यानं यंत्राचा खर्च साफ नाकारला. कारण म्हणून माझंच वाक्य दिलं आहे, अवतरणचिन्हांत : 'जोखीम शून्य.' जानेवारी ते ९ जुलैपर्यंतच्या पिशव्यांचा खर्च मात्र संशोधन म्हणून धरला. सिऊ लानची अर्ध्या दिवसाची मजुरी, मासे, मीठ, प्लॅस्टिक. मेलेल्या माशांवर दीडपट वजावट मिळाली. यंत्राच्या तीन महिन्यांच्या भाड्याएवढीही ती होत नाही.

दुसरं पत्र जमिनीचं. भावनानं वह्यांवर लिहिलेलं टिपण चुआनं अर्जाला जोडलं होतं. दहा वर्षं मागितली होती, तीन मिळाली. चुआ पत्र घेऊन टाक्यांमधून एकदा हिंडून आला आणि मग बहिणीला दिलं. तिनं वाचून घडी घालून वहीत ठेवलं.

मी फी लावली नाही. चुआनं, मी नको म्हणत असताना, बसभाडं हातावर ठेवलं. दीड वर्षाचं, फेऱ्या मोजून. ते घेताना जेवढी लाज वाटली तेवढी राजीनाम्याच्या दिवशीही वाटली नव्हती. हो, वाटली होती. इथं लिहिली नव्हती.

५ डिसेंबर, शनिवार

सिऊ लानची माफी मागायला गेलो. घरून वाक्यं जुळवून नेली होती. तिनं दोन ऐकली आणि हात वर केला. माफीचं तिला काय करायचं होतं? मी म्हटलं, थांबलेलं काम जिथं थांबलं तिथून सुरू करता येईल ना? ती म्हणाली, नाही. त्या अठ्ठावीस पिशव्यांतले मासे एकाच आईबापांचे होते, पाच पिढ्या वेगळे ठेवलेले. टाकीत सोडल्यावर ते सगळ्यांत मिसळले. आता पहिल्यापासून. एक वर्ष, कदाचित जास्त. आणि पट्टा तीन वर्षांचा.

हे तिनं तक्रार म्हणून सांगितलं नाही. मी विचारलं म्हणून सांगितलं.

मी काय करू शकतो, असं विचारलं. तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग क्रेट पायानं सरकवला, वही दिली आणि फळीवरच्या वीस पिशव्या दाखवल्या. बघत बसायचं. कुठला मासा केव्हा आडवा होतो ते लिहायचं. हात लावायचा नाही, बोलायचं नाही.

साडेनऊला बसलो. पहिला तास कठीण गेला. मग पिशव्या वेगवेगळ्या दिसायला लागल्या. चौथीतले मासे तळाशी, अकरावीतले वरच्या हवेपाशी गर्दी करून. बाराला तिनं भात आणि तळलेलं अंडं आणून दिलं. मी जेवताना ती माझ्या जागी बसली.

दुपारी सातव्या पिशवीतला एक मासा, केशरी शेपटीचा, हळूहळू कलायला लागला. सावरला, पुन्हा कलला. मला उठून पिशवी फोडावीशी वाटली. बसून राहिलो. तो आडवा झाला तेव्हा मनगटावरचं घड्याळ पाहून तीन दहा लिहिलं. पुढचा रकाना कारणाचा होता. पाण्याबद्दल, उन्हाबद्दल, दोन-तीन बरी वाक्यं सुचली होती. लिहिलं : माहीत नाही.

सिऊ लान आली, वही वाचली. भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट करून तिनं माझी वेळ खोडली आणि तीन बारा केली. कारणाचा रकाना तसाच ठेवला.